मिडवे–वेक हवाई अंतर

उत्तर प्रशांत महासागरातील मिडवे व वेक या दोन कंकणद्वीपांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १,९०५ किलोमीटर (सुमारे १,०३० सागरी मैल) आहे. दोन्ही बेटे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ताब्यात असून तेथे कायमस्वरूपी लोकवस्ती नाही. आज या बेटांदरम्यान नियमित प्रवासी विमानसेवा उपलब्ध नाही. परंतु १९३५ ते १९४१ या काळात हे अंतर महासागर ओलांडणाऱ्या हवाई मार्गाचा एक टप्पा होते.

गणना

मिडवे सुमारे २८° १२′ उत्तर व १७७° २२′ पश्चिम येथे, तर वेक १९° १७′ उत्तर व १६६° ३७′ पूर्व येथे आहे. या रेखांशांची नुसती बेरीज केली, तर फरक जवळजवळ ३४४ अंश येतो, म्हणजे पृथ्वीला उलट्या बाजूने वळसा पडतो. १८० अंशांच्या रेखांशावरून मोजल्यास खरा फरक केवळ १६ अंशांचा भरतो. बृहद्वृत्तावर या दोन स्थळांचा पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन १७.१३ अंश असतो. एका अंशास १११.२ किलोमीटर धरून वरील अंतर मिळते.

आंतरराष्ट्रीय वाररेषा या दोन बेटांच्या मधून जाते. मिडवेवर सोमवारी दुपारचे १२ वाजतात, तेव्हा वेकवर मंगळवारी सकाळचे ११ वाजलेले असतात.

क्लिपर विमानांचा काळ

पॅन अमेरिकन एअरवेज या कंपनीच्या ‘चायना क्लिपर’ या जलविमानाने २२ नोव्हेंबर १९३५ रोजी टपाल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलाकडे प्रयाण केले. होनोलुलू, मिडवे, वेक व ग्वाम हे त्याचे थांबे होते. ताशी सुमारे २१० किलोमीटर वेगाने मिडवे–वेक टप्प्यास साधारण नऊ तास लागत. एका दिवसात एकच टप्पा पार होत असल्याने दोन्ही बेटांवर प्रवाशांसाठी हॉटेले बांधण्यात आली. वेकवर गोड्या पाण्याचा झरा नाही. बांधकामाचे सर्व साहित्य जहाजाने न्यावे लागले, आणि जलविमाने उतरण्यासाठी तेथील खारकच्छातील प्रवाळखडक सुरुंगांनी फोडावे लागले. नकाशावर ठिपक्याएवढे दिसणारे हे बेट विस्तीर्ण सागरात अचूक गाठणे हीच नाविकाची खरी कसोटी होती. पहिल्या फेरीत ही जबाबदारी फ्रेड नूनन यांच्याकडे होती. १९३७ मध्ये अमेलिया एअरहार्ट यांच्यासह हाउलंड बेटाच्या शोधात असताना ते बेपत्ता झाले.

१९४१ मधील उड्डाण

वेकच्या दिनदर्शिकेनुसार ८ डिसेंबर १९४१ रोजी (मिडवेवर तेव्हा ७ तारीख होती) ‘फिलिपाइन क्लिपर’ हे जलविमान ग्वामकडे निघाले होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची वार्ता कळताच त्यास परत बोलावण्यात आले. थोड्याच वेळात जपानी विमानांनी वेकवर बॉम्बहल्ला केला. गोळ्यांनी छिद्रे पडलेले हे विमान आतील सामान काढून हलके करण्यात आले आणि प्रवासी व कंपनीचे गौरवर्णी कर्मचारी घेऊन ते मिडवेस पोहोचले. ग्वामचे चामोरो कर्मचारी मात्र मागेच ठेवण्यात आले. या उड्डाणाची वर्णने धाडसकथेच्या अंगाने लिहिली जातात, त्यांत या कर्मचाऱ्यांचा उल्लेख अनेकदा निसटतो. २३ डिसेंबर रोजी वेक जपानच्या ताब्यात गेले.

सद्यःस्थिती

लांब पल्ल्याची विमाने आता दोन्ही बेटांवरून न थांबता जातात. मिडवेची धावपट्टी आपत्कालीन उतरणीसाठी राखलेली आहे. जुलै २०१४ मध्ये होनोलुलूहून ग्वामला जाणारे एक प्रवासी विमान तेथे उतरवावे लागले होते. अल्बॅट्रॉस पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात टक्कर टाळण्यासाठी तेथील नियोजित उड्डाणे रात्री केली जातात.