निष्पाप तारकाची मानवी इच्छा

येशू ख्रिस्त सर्वथा निष्पाप होता, याविषयीं ख्रिस्ती धर्मपंडितांत सहसा वाद नाहीं. वाद माजला तो निराळ्याच मुद्द्यावर: त्याला मनुष्याची इच्छा होती कीं नव्हती? दुभंगलेल्या पंथांची एकी साधावी म्हणून सम्राट हेराक्लिअस यानें ६३८ सालीं फर्मान काढून, ख्रिस्ताची इच्छा एकच, असें ठरविलें.

मॅक्सिमस नांवाच्या संन्याशास हें पटेना. गेथशेमनीच्या बागेंत मरणापूर्वीं येशू व्याकुळ झाला व अखेर पित्याच्या इच्छेस वश झाला. मानवी इच्छाच नसेल, तर वश झालें कोण? शिवाय मनुष्यांत बिघडली ती इच्छाच. ती तारकानें धारणच केली नसेल, तर तिचा उद्धार व्हावा कसा? आम्हांस तर वाटतें, इच्छेवांचून निष्पाप राहणें दगडासही साधतें!

६६२ सालीं ऐंशी वर्षांच्या या वृद्धाची जीभ व उजवा हात तोडून त्यास काळ्या समुद्राच्या पूर्वेस लाझिकांत हद्दपार केलें. तेथें तो त्याच वर्षीं वारला. पुढें ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेनें दैवी व मानवी अशा दोन्ही इच्छा मान्य केल्या. तिच्या निर्णयपत्रांत मॅक्सिमसचें नांव नाहीं.