छापखान्याचा जामीन

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की मावळातलं तळेगाव दाभाडे लागतं. तिथे 'नवीन समर्थ विद्यालय' आहे. त्यातल्या 'नवीन' या शब्दामागे एक इतिहास आहे. जुनं समर्थ विद्यालय इंग्रज सरकारने १९१० साली बंद पाडलं. त्याचे संस्थापक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांना आधीच शिक्षा झाली होती. 'विश्ववृत्त' मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापला, म्हणून १९०८ साली खटला झाला. त्यात विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी तुरुंगात गेले. लेख दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

१९१० सालीच नवा प्रेस अॅक्ट आला. लेखकाच्या मागे धावण्यापेक्षा छापखानेवाल्याला धरणं सोपं, हे सरकारने ओळखलं. चालू छापखान्याकडून ५०० ते ५००० रुपये जामीन घ्यायचा आणि नको ते छापलं की जप्त करायचा. मग सरकारने मजकूर तपासायची गरज उरत नाही. छापखानेवाला भीतीपोटी आपणच कात्री चालवतो. कलकत्त्यात मौलाना आझादांच्या 'अल-हिलाल'चा २००० रुपयांचा जामीन जप्त झाला, पुढे १०००० मागितले गेले आणि १९१४ मध्ये ते साप्ताहिक बंद पडलं. वेदांवरचा मराठी लेख असो की मौलानांचं उर्दू, सत्तेला दोन्हींची सारखीच धास्ती होती.

आज छापखान्याच्या जागी फेसबुक आणि यूट्यूब आहेत. डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादला संयुक्त राष्ट्रांची इंटरनेट कारभारावरची जागतिक परिषद भरली. सरकारं, कंपन्या, तज्ज्ञ आणि नागरी संघटना एकत्र बसल्या. विषय होता 'सर्वांसाठी इंटरनेट'. त्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, लोकसभेने गोंधळात, चर्चेविना माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. त्यातून कलम ६६ अ आलं. त्रासदायक वाटेल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रासदायक म्हणजे काय, ते कुठेच सांगितलेलं नव्हतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने त्यावर फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या हिंदू मैत्रिणीने तो 'लाइक' केला. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला.

आपल्याकडे अनेकजण म्हणतात, सोशल मीडियावर आपल्याविरुद्ध इतकं विष पसरतं, तर कायदा कडकच हवा. दुखणं खरं आहे. २ जून २०१४ ला पुण्याच्या हडपसरमध्ये, विटंबनेच्या पोस्टवरून तापलेल्या वातावरणात, नमाजहून परतणाऱ्या एका तरुण अभियंत्याला जमावाने मारून टाकलं. त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. पण तेव्हा ६६ अ लागू होतं. त्याने पालघरच्या मुलींना कोठडी दाखवली, हडपसरच्या मुलाला वाचवलं नाही. चिथावणी आणि खुनाविरुद्धचे कायदे आपल्याकडे आधीपासून आहेत. ते सगळ्यांना सारखे लावा, ही मागणी मला जास्त मोलाची वाटते.

२४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ रद्द केलं. न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश असल्याशिवाय कंपनीवर मजकूर काढण्याची सक्ती नाही, असंही सांगितलं. म्हणजे छापखानेवाल्याच्या मानेवरचा हात थोडा सैल झाला. २०२३ मध्ये तो पुन्हा आवळला गेला. सरकारी कामाबद्दल काय खोटं, हे सरकारचाच कक्ष ठरवणार, असा नियम निघाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

दोन्ही वेळा न्यायालयाने सावरलं, पण तोवर वर्षं गेली. पालघरच्या मुलींना अटक आधी झाली आणि निकाल त्यानंतर दोन वर्षांनी आला. म्हणून नियम लिहिले जातात तेव्हाच आपण तिथे असायला हवं. मसुदा मराठीतही मिळावा. हरकतींना पुरेशी मुदत असावी. पोस्ट काढली तर कारण लिहून द्यावं आणि त्याविरुद्ध स्वतंत्र माणसाकडे दाद मागता यावी. पुढचा मसुदा येईल तेव्हा मोहल्ल्यातल्या वकिलाने, मदरशातल्या शिक्षकाने, कॉलेजातल्या मुलीने आपली हरकत लेखी पाठवावी. आणि दुसऱ्या कुणाची, अगदी आपल्याला न पटणाऱ्याची पोस्ट विनाकारण काढली गेली, तर तीही त्या अर्जात नोंदवावी.