घरमालक संघ (अमेरिका)

विकासकाने आखलेल्या वसाहतीतील घरमालकांचा सक्तीच्या सभासदत्वाचा संघ. रूढ नाव एचओए. घर घेताच सभासदत्व येते आणि घर विकल्याखेरीज ते सुटत नाही. महाराष्ट्रात सोसायटीची इमारत आणि जमीन सामाईक असते. अमेरिकी संघाच्या वसाहतीत बंगला व भूखंड बहुधा मालकाचेच असतात; तरी भिंतीचा रंग, कुंपणाची उंची, हिरवळीची निगा आणि घर भाड्याने देण्याची मुभा संघ ठरवतो.

हा अधिकार ‘सीसी अँड आर’ या नियमपत्रातून येतो. विकासक ते काउंटीच्या दफ्तरी नोंदवतो आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदारावर ते बंधनकारक होते, त्याने वाचलेले असो वा नसो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशाच करारांनी कृष्णवर्णीय आणि ज्यू कुटुंबांना वसाहतींबाहेर ठेवले. 1948 मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वांशिक करारांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी थांबवली. 1968 च्या कायद्याने घरविक्रीतील भेदभावच बेकायदा ठरवला. जुन्या दस्तांत ती लाजिरवाणी कलमे आजही आढळतात.

इतर नियमांच्या बाबतीत न्यायालये बहुधा संघाच्या बाजूने झुकतात. कॅलिफोर्नियात एका महिलेने प्राण्यांना बंदी असताना घरात तीन मांजरी पाळल्या होत्या. त्यांचा कोणाला उपद्रव नाही, हा तिचा युक्तिवाद 1994 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. पुढे विधिमंडळानेच 2001 पासूनच्या नियमपत्रांपुरती किमान एक प्राणी पाळण्याची मुभा दिली. राष्ट्रध्वज लावण्याचा हक्क 2006 मध्ये लागू झालेल्या संघराज्यीय कायद्याने राखला. टेक्ससने 2011 मध्ये दारावरील धार्मिक चिन्हांना संरक्षण दिले. दाराला तोरण बांधणाऱ्या तिथल्या मराठी कुटुंबांनाही त्याचा आधार आहे.

संघाचे फायदे खरे आहेत: सामाईक बाग, तरणतलाव, बर्फ हटवण्याची सोय, शेजारचे घर ओसाड पडणार नाही याची हमी. पण निवड वाटते तितकी मोकळी नाही. वसाहतीतले रस्ते आणि गटारे संघ सांभाळतो, म्हणून नगरपालिकांनाही ही व्यवस्था सोयीची पडते. परिणामी फिनिक्स, लास व्हेगससारख्या शहरांच्या कडेच्या नव्या वसाहती बहुतेक संघांच्याच आहेत. संघ नको असणाऱ्याला जुन्या वस्तीत घर शोधावे लागते.

वर्गणी थकली तर संघ घरावर बोजा चढवू शकतो, अनेक राज्यांत घर लिलावातही काढू शकतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी थकबाकी किमान 1,800 डॉलर किंवा बारा महिन्यांहून जुनी असावी लागते.

खरेदीदार नियम पाहतो, मोठ्या दुरुस्त्यांसाठीचा राखीव निधी पाहत नाही. ही चूक सर्वांत महाग पडते. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे 24 जून 2021 रोजी सदनिकाधारक संघाची इमारत कोसळून 98 माणसे मेली. तिथे मोठी दुरुस्ती लांबत गेली होती आणि दीड कोटी डॉलरची जादा आकारणी नुकतीच मंजूर झाली होती. म्हणून सही करण्यापूर्वी नियमपत्र, सभांची इतिवृत्ते आणि राखीव निधीचा अहवाल मागून घ्यावा, आणि तो मिळत नसेल तर ते घर सोडून द्यावे.