दोन ‘सांगत्ये ऐका’
‘सांगत्ये ऐका’ म्हटलं की आठवतो अनंत माने यांचा १९५९चा तमाशापट. पुण्यात तो १३१ आठवडे चालला. वसंत पवारांच्या चालीवरच्या त्यातल्या लावण्या रेडिओवर लागल्या, की अम्मी लाटणं बाजूला ठेवून ऐकत बसायची.

या चित्रपटातल्या अभिनेत्री हंसा वाडकर यांनी हेच नाव आत्मकथेला दिलं. त्या सांगत गेल्या, शब्दांकन अरुण साधू यांनी केलं. १९७०मध्ये पुस्तक आलं. नटनट्यांच्या आठवणी बहुधा हारतुऱ्यांनी भरलेल्या असतात. इथं मात्र घर चालवण्यासाठी लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली मुलगी भेटते. कमाई तिची, निर्णय इतरांचे. स्वतःच्या चुकाही ती झाकत नाही.

१९७७मध्ये श्याम बेनेगल यांनी यावरून ‘भूमिका’ केला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट मोठाच आहे. तरी मला पुस्तक अधिक जवळचं वाटतं. त्यात बाई स्वतः बोलते.

अम्मीला मी काही पानं वाचून दाखवली. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “हिला काय हवं होतं, हे कुणी विचारलंच नाही का रे?”

लावण्या आजही ऐकतो. पण आता अम्मीचा तो प्रश्नही सोबत ऐकू येतो.