बायकांची होडी कोणती?

५ ऑगस्ट २०२१. टोकियोच्या उपसागरातला सी फॉरेस्ट जलमार्ग. आठ जणी एका रांगेत, प्रत्येकीचा एक गुडघा होडीत टेकलेला आणि हातात एकाच पात्याचं वल्हं. अंतर दोनशे मीटर. शर्यत सुरू झाली आणि ४६ सेकंदांच्या आत संपलीसुद्धा. अमेरिकेची १९ वर्षांची नेविन हॅरिसन पहिली आली, कॅनडाची लॉरॉन्स व्हॅन्सां-लापॉइंट दुसरी, युक्रेनची ल्युडमिला लुझान तिसरी. आपल्याकडे त्या दिवशी कुणाचं तिकडे लक्ष असण्याचं कारणच नव्हतं. हॉकीत ४१ वर्षांनी पदक आलं होतं, पेढे वाटणं चालू होतं.

पण ही ४६ सेकंदांची शर्यत पाण्यात उतरायला ८५ वर्षं लागली होती. हीच होडी घेऊन पुरुष ऑलिम्पिकमध्ये उतरले ते १९३६ साली, बर्लिनला. बायकांना ती मिळाली २०२१ साली. मधल्या काळात काय झालं, त्याची ही हकीकत.

आधी होड्यांचा घोळ सोडवू. वल्हवण्याच्या या स्पर्धांत दोन प्रकारच्या होड्या असतात. एक कयाक. तिच्यात पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं डावी-उजवीकडे आलटून पालटून मारायचं. दुसरी कनू. वेगाच्या शर्यतीत कनूत एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा आणि एकपाती वल्हं एकाच बाजूला मारत राहायचं. तिला सुकाणू नसतं. एकाच बाजूला वल्हं मारलं तर होडी गोल फिरणार. ती सरळ न्यायची तर प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगटाला हलकीशी मुरड द्यावी लागते. कोकणातल्या खाडीत एकट्याने होडी हाकणारा माणूस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे कसब वेगळं समजावून सांगायला नको.

आता गंमत पाहा. कयाक मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची. ग्रीनलंडमध्ये ती शिकाऱ्याची, म्हणजे पुरुषाची होडी. तंबू, मुलंबाळं, भांडीकुंडी असा अख्खा संसार घेऊन मुक्काम हलवायचा, तर त्यासाठी कातड्याची मोठी उघडी होडी असे. तिचं नाव उमियाक. ती वल्हवायच्या बायका. डॅनिश लोक तर तिला सरळ ‘बायकांची होडी’च म्हणत. म्हणजे मूळ वाटणीत कयाक पुरुषांची आणि उघडी, ओझ्याची होडी बायकांची. युरोपातल्या क्लबांमध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये येईपर्यंत हे नेमकं उलटं झालं. बायकांना कयाक, आणि उघडी कनू फक्त पुरुषांची. असं का, याचं कारण पाण्यात सापडत नाही. ते नियम करणाऱ्यांच्या खोलीत सापडतं.

१९४८ साली लंडनला बायकांसाठी पहिली शर्यत ठेवली गेली, एकेरी कयाकची, ५०० मीटरची. ती डेन्मार्कच्या कारेन हॉफने जिंकली. खळाळत्या पाण्यात लटकत्या खांबांच्या फाटकांमधून होडी काढायची ‘स्लालम’ ही शर्यत १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये आली, तेव्हा पुरुषांना तीन प्रकार मिळाले आणि बायकांना एक. तो एक अर्थातच कयाकचा.

बायकांना कनू का नाही, याची कारणं बदलत गेली. आधी शरीराचं कारण होतं. एका गुडघ्यावर राहून एकाच बाजूला जोर लावला, तर बाईचं शरीर एकांगी होईल, कंबर बिघडेल, मूल होण्यात अडचण येईल, असं स्पर्धांच्या वर्तुळात बोललं जाई. पुरुषाची कंबर मात्र लोखंडाची असावी! कॅनडातल्या क्लबांत पंधरा जणांची ‘वॉर कनू’ असते. त्यात बायका गुडघे टेकून वल्हवत होत्याच. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉलीन जॉन्सन ही मोहॉक वंशाची कवयित्री कनू चालवण्यात नावाजलेली होती. हा शरीराचा मुद्दा आपल्याला अनोळखी नाही. १९२८ साली बायकांच्या ८०० मीटर धावण्याच्या शर्यतीनंतर ‘बायका कोसळल्या’ अशा भडक बातम्या आल्या आणि ती शर्यत ऑलिम्पिकमधून १९६० पर्यंत हद्दपार झाली.

शरीराचं कारण टिकेनासं झालं तेव्हा संख्येचं आलं. किती देशांत बायका कनू चालवतात? फार थोड्या. मग ऑलिम्पिकमध्ये कशी घ्यायची? वरवर हे रास्त वाटतं. पण सरकारी पैसा, प्रशिक्षक, होड्या हे सगळं ऑलिम्पिकमधल्या प्रकारांकडे जातं. जो प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यासाठी कुठली संघटना मुलींना तयार करणार? आणि मुली तयार नाहीत म्हणून प्रकार नाही. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा हा न्याय.

या चक्राला हात घालणाऱ्यांत अमेरिकेची पॅम बोटलर ठळक दिसते. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत बायकांसाठी कनू नव्हती, म्हणून ती पुरुषांच्या शर्यतीत उतरली. पुढे तिने ‘विमेनकॅन इंटरनॅशनल’ ही संघटना चालवली आणि आंतरराष्ट्रीय कनू महासंघामागे तगादा लावला. २००९ साली जागतिक स्पर्धांत बायकांची कनू प्रदर्शनापुरती आली आणि २०१० साली अधिकृत झाली. त्या वर्षी पोलंडमधल्या पोझनान इथे दोनशे मीटरची शर्यत जिंकली ती लॉरॉन्स व्हॅन्सां-लापॉइंटने, वय वर्षं १८. हे नाव लक्षात ठेवा.

मग आलं लंडन, २०१२. मुष्टियुद्धात बायका आल्या आणि सगळ्या खेळांत बायका असलेलं हे पहिलं ऑलिम्पिक, असा गाजावाजा झाला. खेळ मोजले तर ते खरंच होतं. शर्यती मोजल्या तर? कनू-कयाकच्या १६ सुवर्णपदकांपैकी ११ पुरुषांची आणि ५ बायकांची. सामंथा रिपिंग्टन या ब्रिटिश कनूपटूने समानतेच्या कायद्याचा आधार घेऊन आयोजकांना कोर्टात खेचण्याची नोटीस दिली. आयोजकांचं म्हणणं, कार्यक्रम आम्ही ठरवत नाही, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ठरवते. हे उत्तरही नवं नव्हतं. २००९ साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिम्पिकआधी स्की-जंपिंग करणाऱ्या बायका कॅनडात कोर्टात गेल्या होत्या. न्यायमूर्तींनी भेदभाव होतोय हे मान्य केलं, पण तो दूर करणं स्थानिक आयोजकांच्या हातात नाही असा निकाल दिला. अन्याय आहे, पण अन्याय करणारा कोर्टाच्या हद्दीत नाही! सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलेल्या माणसाला हे निराळं सांगायला नको.

खिडकी शेवटी उघडली ती वरून. डिसेंबर २०१४ मध्ये ऑलिम्पिक समितीने बायकांचा सहभाग निम्म्यावर नेण्याचं धोरण स्वीकारलं आणि जून २०१७ मध्ये टोकियोचा कार्यक्रम जाहीर झाला. बायकांच्या कनूचे तीन प्रकार आले, आठास आठ अशी बरोबरी झाली. पण पदकांची एकूण संख्या वाढवायची नव्हती. त्यामुळे पुरुषांचे तीन प्रकार गेले. त्यातला एक होता स्लालमची दुहेरी कनू. स्लोव्हाकियाच्या होखशोर्नर जुळ्या भावांनी २०००, २००४ आणि २००८ अशी सलग तीन सुवर्णपदकं ज्यात मिळवली, तो प्रकार. २०१६ साली रिओत त्याच देशाचे श्कांतार हे चुलतभाऊ त्यात शेवटचे विजेते ठरले. हा देखणा प्रकार गेल्याची हळहळ मलाही वाटते. मात्र बायकांमुळे तो गेला, असं म्हणणं मला पटत नाही. भाकरीचा आकार ठरवणारे वेगळे होते.

आणि ज्या बायकांची उमेदीची वर्षं या वाट पाहण्यात गेली, त्यांचं काय? बोटलरच्या पिढीला ऑलिम्पिक लाभलं नाही. व्हॅन्सां-लापॉइंटला लाभलं, पण कसं! अकरा जागतिक सुवर्णपदकं गाठीशी असताना २०१९ साली तिच्या चाचणीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं. ते तेव्हाच्या मित्राच्या संपर्कातून नकळत आलं, हे जानेवारी २०२० मध्ये मान्य झालं आणि ती निर्दोष सुटली. त्या दरम्यान हुकलेल्या जागतिक स्पर्धेत १७ वर्षांची हॅरिसन विजेती ठरली होती. टोकियोला पोचेपर्यंत व्हॅन्सां-लापॉइंट २९ वर्षांची होती. पोझनानला जिंकली त्यानंतर ११ वर्षांनी तिला ऑलिम्पिकचं पाणी मिळालं, आणि पदक मिळालं ते रुपेरी. दोन दिवसांनी केटी व्हिन्सेंटबरोबर दुहेरीत ब्राँझ.

स्लालममध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सला वेळ साधता आली. तिची आई मिरियम १९९६ साली अटलांटात फ्रान्सकडून ब्राँझपदक जिंकली होती, अर्थात कयाकमध्ये. आईला दुसरी होडी उपलब्धच नव्हती. मुलीने २९ जुलै २०२१ रोजी बायकांच्या कनूचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं आणि २०२४ साली पॅरिसला कयाक आणि कनू, दोन्हींत सुवर्ण.

त्याच उन्हाळ्यात टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ग्वाल्हेरची प्राची यादव ‘वा’ या प्रकारात अंतिम फेरीत पोचली आणि आठवी आली. पॅरा-कनूत उतरलेली ती पहिली भारतीय. ‘वा’सुद्धा एकपाती वल्ह्याचीच होडी, बाजूला तोल सांभाळणारी उलांडी बांधलेली. आपल्या किनाऱ्यावरच्या होडीची पॅसिफिक महासागरातली चुलतबहीण म्हणा ना.

पॅरिसला १० ऑगस्ट २०२४ रोजी बायकांची एकेरी कनू पुन्हा झाली. कॅनडाच्या केटी व्हिन्सेंटने हॅरिसनला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे टाकलं. तलावावरच्या प्रेक्षकांना निकाल पडद्यावर येईपर्यंत कळला नाही. बायकांची ही शर्यत तेव्हाही दोनशे मीटरचीच होती. पुरुषांची एकेरी कनू त्याच तलावावर हजार मीटर धावली.