चूल, पेलेट आणि धूर : आपल्या विस्तवाचा थोडा इतिहास

हल्ली काही रुग्ण तपासणी झाल्यावर उठता उठता विचारतात, "डॉक्टर, घरी पेलेट स्मोकर घ्यायचा विचार आहे. कोळसा नाही, लाकडाच्या कांड्यांवर चालतो. म्हणजे तब्येतीला चांगला ना?"

याचे उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. अशाच कांड्यांवर चालणारी एक शेगडी सुमारे वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्र आणि कर्नाटकात लाखांनी विकली गेली होती, आणि पुढे तिचा कारभार पुण्यातल्याच एका कंपनीकडे होता. ती गोष्ट समजून घेतली, की स्मोकरविषयीचे उत्तर सोपे होते.

धुराने आजार होतो, हे कधी कळले?

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. पण त्याने फुफ्फुसे आणि हृदय कायमचे बिघडते, हे वैद्यकशास्त्राच्या नीट लक्षात यायला बराच काळ गेला.

१९५९ मध्ये दिल्लीच्या डॉ. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसांच्या जुन्या आजारामुळे या रुग्णांच्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला होता. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा, अशी समजूत होती. इथे मात्र बायकाही मोठ्या संख्येने होत्या. संशय स्वयंपाकघरातल्या धुराकडे वळला.

पुढे कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजणीयंत्रे लावली आणि त्यांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. ते निष्कर्ष १९८३ मध्ये आले.

तिसरा टप्पा पुण्याचा. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की सीओपीडीच्या अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. जगाचा विचार केला तर त्याचे सर्वांत मोठे कारण सिगारेट नसून लाकूड-गोवऱ्यांचा धूर असू शकेल, असा त्यांचा मुद्दा होता.

चूल सुधारण्याची धडपड

उपाय शोधण्याची सुरुवातही महाराष्ट्रात लवकर झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचे काम करत होते, 'मगन चूल' तयार झाली. धूर धुराड्यातून घराबाहेर काढायचा, ही तिची कल्पना.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सुमारे वीस वर्षांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने अशा चुलींवर बरेच काम केले. तरीही बसवलेल्या चुली टिकल्या किती, हा प्रश्न राहिलाच. धुराडे काजळीने भरते आणि ते साफ करायला कोणी येत नाही. चूल तडकते, आणि बाई पुन्हा तीन दगड मांडते.

'ऊर्जा' शेगडी

मग विचार आला, की धूर बाहेर काढण्यापेक्षा तो शेगडीतच जाळून टाकला तर? धूर म्हणजे बऱ्याच अंशी अर्धवट जळलेले लाकूडच. त्याला पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली, की तोही जळतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने बीपी या तेल कंपनीबरोबर यावर काम केले आणि २००६ पासून 'ऊर्जा' शेगडी बाजारात आली. इंधन होते पेलेट. शेतातला काडीकचरा, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले वाळवून, दळून, यंत्रात प्रचंड दाबाने काढलेल्या खडूच्या तुकड्यांएवढ्या कांड्या. शेगडीला बॅटरीवर चालणारा छोटा पंखा होता. थोडी हवा खालून कांड्यांना मिळे आणि बाकीची वरच्या भोकांतून येऊन निघालेला वायू पेटवी. ज्योत जवळजवळ गॅससारखी.

या शेगड्या चार लाखांहून अधिक विकल्या गेल्या. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या 'फर्स्ट एनर्जी'कडे आला. पण काही वर्षांनी अभ्यासकांनी गिऱ्हाइकांकडे चौकशी केली, तेव्हा फार थोड्या घरांत ती चालू होती.

ज्योतीत खोट नव्हती. कांड्या महाग होत गेल्या, कारण त्याच कच्च्या मालाला कारखान्यांच्या बॉयलरचे गिऱ्हाईक होते. कधी त्या मिळत नसत. शेगडी बिघडे. भाकरी निखाऱ्यासमोर उभी करून फुगवायची सोय नव्हती. शेवटी कंपनीने घरे सोडून हॉटेले आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे लक्ष वळवले. घरांमध्ये खरा बदल घडवला तो गॅस सिलिंडरने, आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेने त्याला वेग दिला.

आणखी एक धडा आफ्रिकेतल्या मलावी देशातून आला. तिथे पंख्याच्या शेगड्या दिलेल्या घरांतल्या आणि न दिलेल्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक लहान मुलांवर लक्ष ठेवले गेले. मुलांच्या न्यूमोनियात फरक पडला नाही. कमी धूर म्हणजे तब्येतीला पुरेसा कमी धूर, असे नसते.

मग स्मोकरचे काय?

पेलेट स्मोकरचा जन्म अमेरिकेतला. जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात ओरेगॉनमध्ये तो बनवला. डब्यातल्या कांड्या एक फिरता स्क्रू थोड्या थोड्या पुढे ढकलतो, विजेची कांडी त्या पेटवते, पंखा हवा देतो.

रचना 'ऊर्जा'च्या नात्यातलीच, पण हेतू उलटा. 'ऊर्जा'ला धूर संपवायचा होता, तर स्मोकरला चवीसाठी धूर हवाच असतो. आच जितकी मंद, तितका धूर जास्त. त्यामुळे 'पेलेट आहे म्हणजे स्वच्छ' हा समज इथे लागू होत नाही. कोळशाच्या शेगडीइतके हाताळावे लागत नाही, एवढी सोय नक्की आहे.

घ्यायचाच असेल तर:

- जागा : पूर्ण उघड्यावरच. काचा लावलेली बाल्कनी, गॅरेज किंवा पार्किंग नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ जाणवली तर लगेच मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांकडे जा. सोसायटीच्या गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या दमेकऱ्याचाही विचार करा.
- कांड्या : खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्याच घ्या. बॉयलरच्या कांड्या किंवा 'पांढरा कोळसा' स्वस्त असतो, पण त्यात रंगवलेले किंवा रसायन लावलेले लाकूड असू शकते.
- पावसाळा : कांड्या हवाबंद डब्यात ठेवा. ओल धरलेली कांडी फुगते, स्क्रू अडकतो आणि धूर वाढतो.
- खर्च : यंत्राआधी कांड्यांची किंमत, त्या वर्षभर मिळतात का आणि दुरुस्ती कोण करणार, हे विचारा. 'ऊर्जा' इथेच अडली.
- मांस : मंद आचेवर बाहेरून रंग येतो आणि आत कच्चे राहते. थर्मामीटर खुपसून चिकन आत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचल्याची खात्री करा.
- किती वेळा : धुरी देऊन किंवा खारवून टिकवलेले मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक म्हटले आहे. म्हणून धुरावरचे मांस अधूनमधूनची मजा असावी, रोजचे जेवण नको.
- कोणी लांब राहावे : दमा, सीओपीडी, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी.

हिवाळ्यातली हुरडा पार्टी असो की स्मोकर, कधीतरी उघड्यावर घेतलेला धूर आणि रोज दोन वेळा कोंदट खोलीत घेतलेला धूर यांत फार अंतर आहे. माझी खरी काळजी दुसऱ्या धुराची आहे.

तुमच्या घरात तरुणपणी अनेक वर्षे चुलीपुढे बसलेली आई, सासूबाई किंवा आत्या असेल. जिना चढताना त्यांना धाप लागत असेल, खोकला महिनोन् महिने जात नसेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांनी फक्त सिगारेटविषयी विचारले, तर चुलीचे तुम्ही आपणहून सांगा आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून घ्या. ती वेदनारहित असते आणि थोड्या वेळात होते. वेळेवर निदान झाले, तर योग्य इनहेलरने त्यांचा श्वास बराच सुसह्य होतो.