हाक पोचली पाहिजे

खेड्यात आग लागली म्हणजे कुणीतरी हाळी देतो आणि सारा गाव धावतो. मोठ्या शहरात मात्र पोलीस निराळे, बंबवाले निराळे आणि त्यांची बिनतारी यंत्रंही निराळी.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर विमानं आदळली. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोऱ्यात त्या वेळी बंबवाले होते. हाही मनोरा टिकणार नाही, असा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरांतून आला. पण तो पोलिसांच्याच यंत्रांवर! खाली उतरा, हा स्वतःच्या वरिष्ठांचा हुकूमही पुष्कळ बंबवाल्यांना ऐकू गेला नाही. १० वाजून २८ मिनिटांनी तोही मनोरा खाली आला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

२००४ साली चौकशी आयोगाने या उणिवेवर बोट ठेवलं. तरी कायदा व्हायला २०१२ साल उजाडलं. त्या कायद्याने ‘फर्स्टनेट’ ही संस्था स्थापन झाली. बिनतारी लहरींचा एक पट्टा आणि ७ अब्ज डॉलर तिच्या हवाली झाले. २०१७ साली जाळं उभारण्याचं काम एटी अँड टी कंपनीकडे गेलं. रस्त्यावर आपण बंबाला वाट देतो ना, तशीच इथं गर्दीच्या वेळी या सेवकांच्या संदेशांना, नकाशांना आणि चित्रांना पहिली वाट मिळते.

यंत्रं तर २००१ सालीही होती. सर्वांची वाट एक असावी, एवढं ठरवायलाच अकरा वर्षं लागली.